मास्तरांचा आवाज आणि माझी वही

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी सांगायला नको. पेरूवाला पेरू तोलतो तेव्हा मी पेरूकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. शेजारीण कारण नसताना गोड बोलली की मी घरात येऊन आपलं काय काय जागेवर आहे ते बघते. माझी सासू म्हणायची, "गुआत-हा, तू आलीस आणि आमचा कुत्र्याचा खर्च वाचला." ती हे कौतुकाने म्हणायची की कसं, याचाही मला संशय आहेच.

तेव्हा आमचा कॉम्प्युटर पहिल्यांदा अडकला, त्या क्षणी माझ्या तोंडात कुणाचं नाव आलं असेल, हे टुकू गावातल्या शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. आ-लिआंगचं.

आम्ही हातबाहुल्यांचे खेळ करणारी माणसं. माझा नवरा लिआओ तिएन-शोउ. त्यांना सगळा जिल्हा मास्तर म्हणतो, मीही म्हणते. देवळाच्या जत्रेत गाडीवर रंगमंच उभा राहतो, मागे बसून आम्ही दोघं-चौघं बाहुल्या नाचवतो, आणि बोलतात एकटे मास्तर. म्हातारा सेनापती तेच, सोळा वर्षांची राजकन्या तेच, तोतरा शिपाई तेच, आणि राजकन्येवर रडणारी दासीही तेच. चाळीस वर्षं. बाकीच्या मंडळ्यांनी कधीच आवाज रेकॉर्ड करून ठेवले. ते बटण दाबतात आणि आवाजावर बाहुली हलवतात. मास्तर म्हणायचे, "दुसऱ्याने चावलेला घास मी देवाला दाखवणार नाही." म्हणून आमच्याकडे त्यांचा एकही खेळ धड रेकॉर्ड केलेला नव्हता. लोकांनी मोबाइलवर घेतलेले तुकडे होते, त्यात फटाके जास्त आणि मास्तर कमी.

मग चियाईच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्यांच्या घशात नळी घालून बघितलं आणि तारीख दिली. तेवीस. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आमच्या हातात तीन आठवडे.

घरी येऊन मास्तरांनी देवापुढे उदबत्ती लावली, बसले आणि म्हणाले, "नऊ खेळ बसतील. माइक आणायला सांग कुणाला तरी."

कुणाला, ते ठरायच्या आतच तिसऱ्या दिवशी आ-लिआंग दारात हजर. हा मास्तरांचा शिष्य. चौदा वर्षं आमच्या घरी जेवला, आमच्या पोरासारखा राहिला, आणि सहा वर्षांपूर्वी एका सकाळी पायातल्या चपलांनिशी घर सोडून गेला. जवळच्या पेईकांग गावात स्वतःची मंडळी काढली. रंगीत दिवे, धूर सोडायचं यंत्र आणि कुणाकुणाचे रेकॉर्ड केलेले आवाज. आता पंचेचाळिशीचा झालाय, पोट सुटलंय. एका हातात पेरूंची पेटी, दुसऱ्या काखेत कॉम्प्युटर.

"माई," म्हणाला, "मास्तरांचं कळलं. मी सगळं बसवून देतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या मंडळ्यांना कळलंय."

"आणि सगळ्यांत आधी तुलाच मास्तरांची आठवण झाली. मांजराला दुधाची होते तशी."

त्याने मान खाली घालून केबल सोडवायला घेतल्या. मास्तरांनी मला डोळ्यांनी दटावलं. तरी मी पेटीतले पेरू उलटून बघितले. तळाचेही चांगले निघाले, तेव्हा तर माझा संशय पक्काच झाला.

बाहेरच्या खोलीत, देवाच्या टेबलाखाली त्याने कॉम्प्युटर ठेवला, कारण चांगला प्लग तिथेच. भिंतींना गाद्या लावल्या. टेबलावर माइक आणि एक वहीएवढी काळी हार्ड डिस्क. "माई, सगळा आवाज या काळ्या डबीत जातो," त्याने मला समजावलं. "हिचा दिवा लागलेला असताना वायर उपसायची नाही. काही झालं तरी वायर उपसायची नाही. नाहीतर सगळं जाईल." मी ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. त्याच्या तोंडचं प्रत्येक वाक्य लिहून ठेवलेलं बरं.

रेकॉर्डिंगचं आमचं वेळापत्रक ठरलं. दुपारी दोनला गल्ली झोपते तेव्हा सुरू करायचं, साडेचारला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते तेव्हा थांबायचं. त्या वेळात फ्रिज बंद, पंखा बंद, माझं तोंड बंद. मास्तर माइकपुढे बसत, पायाशी त्यांची लाकडी पट्टी. लढाई आली की टाचेने त्या पट्टीवर ताल देत. आवाज घोगरा झाला होता, पण राजकन्येचं बोलू लागले की घोगरेपणा कुठे जायचा कोण जाणे. मी बटणावर. चूक झाली, खोकला आला, की मी संध्याकाळी बसून ते सगळं कापून टाकायची आणि कापलेलं पुसूनही टाकायची. रोज खेळ कसा स्वच्छ, गुळगुळीत व्हायचा. मला त्याचा अभिमान होता.

आणि यंत्राची काळजी मी घेतलीच होती. इथे बँकेत, इस्पितळात, कुठेही जा, यंत्रावर त्या नारळाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं दिसेल. त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. मी नवं कोरं पाकीट आणून कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवलं. डिस्कचं मात्र नुसत्या पाकिटावर भागणार नव्हतं. तिच्यात मास्तर होते.

चौथ्या दिवशी तोतरा शिपाई बोलता बोलता पडद्यावरची रेघ थांबली. बाण हलेना. मास्तर पुढे बोलतच होते.

"थांबा, थांबा. हँग झालाय," मी म्हटलं.

बंद करून परत चालू केला. अर्धा तास गेला होता. त्या संध्याकाळी मी एक वही उघडली.

मी ती वही अजून ठेवली आहे. पहिलं पान असं आहे: "मंगळवार. दोन चाळीसला अडकला. सकाळी आ-लिआंग येऊन गेला." दुसरं: "गुरुवार. तीन दहाला अडकला, परत साडेतीनला अडकला. काल आ-लिआंग येऊन गेला." तिसरं: "शनिवार. तीनदा अडकला. आ-लिआंगचा फोन आला होता, आपणहून." आता तुम्हीच सांगा, एवढं वाचून कुणाला शंका येणार नाही?

बरं, तो येऊन करायचा तरी काय, तर दुरुस्ती. आधी केबल बदलली. मग ती दुसऱ्या खाचेत लावली. मग मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम बंद केले. मग एक चाचणी लावायचा, नुसतंच रेकॉर्डिंग सुरू करून बसायचा, अडकतंय का ते बघत. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, चाचणी लागली की म्हणायचा, "माई, चहा मिळेल का?"

चौदा वर्षं या घरात राहिला, कधी चहा मागितला नाही. पाणी प्यायचा. आता चहा कशाला लागतो? चौथ्या वेळी मी आधण ठेवलं आणि पाय न वाजवता परत आले. काळ्या डबीचा दिवा भराभर लुकलुकत होता. आ-लिआंगची मूठ बंद होती आणि मास्तर छताकडे बघत होते.

"दिवा का लुकलुकतोय रे?"

"चाचणी चालू आहे, माई."

"आणि मुठीत काय?"

"घाम," म्हणाला.

त्या रात्री मी मास्तरांना स्वच्छ सांगितलं, "तो तुमचा आवाज चोरतोय. पेनड्राइव्हवर भरून नेतोय. आणि तुमच्यापाशी नऊ खेळ पुरे होऊ नयेत म्हणून यंत्रही बिघडवून ठेवतोय. म्हणजे तेवीस तारखेनंतर मास्तर फक्त पेईकांगला बोलणार."

मास्तर बाहुलीचा अंगरखा शिवत होते. म्हणाले, "तुझं डोकं पोलिसात हवं होतं."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. भूक लागल्यासारखं वाटतं."

त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी डिस्कच्या वायरवर स्वतःचा एक पांढरा केस चिकटवून ठेवू लागले. आ-लिआंग येऊन गेला की केस तुटलेला. तोही मी वहीत चिकटवला. हिरवी पाकिटंही वाढवली. एक ऐकत नव्हतं म्हणून दोन, दोन ऐकेनात म्हणून पाच. कॉम्प्युटरच्या डोक्यावर शेवटी मी एक छानशी रास रचली होती. तसतसा तो जास्तच अडकायचा. आ-लिआंग आला की ती रास उतरवून बाजूला ठेवायचा, आणि त्याची पाठ फिरली की मी परत रचायची. पाकिटं उतरवतो तेव्हाच मी ओळखलं होतं, याला यंत्र सुधारायला नकोय.

सतरा तारखेला आठ खेळ पुरे झाले होते, नववा अर्ध्यावर होता. मास्तर राजकन्येचं मरण बोलत होते. मध्येच थांबले आणि त्यांनी बोट वर केलं.

"कोण ठोकतंय?"

"कुणी नाही."

"टक, टक, टक. ताल चुकतोय त्याचा."

मी कान लावला. काळ्या डबीतून येत होतं. नखाने लाकूड ठोकावं तसं. मग पडदा निळा झाला. परत चालू केला तर डबीचं नावच दिसेना. परत चालू केला. टक, टक. परत. परत. आठ खेळ, आणि नवव्याचा अर्धा. माझ्या नवऱ्याचा आवाज त्या डबीत होता आणि डबी तो देत नव्हती.

मी आ-लिआंगला फोन लावला आणि सहा वर्षांचं जे साठलं होतं ते सगळं एका दमात त्याच्या पदरात घातलं. कृतघ्न म्हटलं, चोर म्हटलं. ज्या ताटात जेवलास त्यातच छिद्र पाडलंस म्हटलं. माझा श्वास संपला तेव्हा तो म्हणाला, "माई, डिस्क हलवू नका. परत परत चालू करू नका. आहे तशी असू द्या, मी येतो."

"म्हणजे पुरावा तुझ्या हातात देऊ? यायचं नाहीस तू इथे," म्हटलं आणि फोन ठेवला.

बाजारात स्कूटरवाल्याच्या शेजारी त्साईबाईचं दुकान आहे. पन्नाशीची बाई, डोळ्याला सोनाराचं भिंग लावून कॉम्प्युटर उघडते, फार बोलत नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर स्कूटरच्या पायाशी ठेवला, डिस्क ओढणीत गुंडाळून पोटाशी बांधली, आणि वही बरोबर घेतली. म्हटलं, बाई, हे सगळं एका माणसाने मुद्दाम बिघडवलंय, मला फक्त कसं ते शोधून दे.

त्साईबाईने आधी वही वाचली. सगळी. केसांसकट. मग कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि विचारलं, "याच्या डोक्यावर काय ठेवता?"

"हिरवं पाकीट. ताजं."

"एक?"

"...सात."

"याचं नाक वर आहे, वहिनी. या जाळीतून गरम हवा बाहेर जाते. तुम्ही सात उशांनी याचं नाक दाबलंत. तापला की अडकणारच." तिने स्वतःच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. तिच्याकडेही हिरवं पाकीट होतं, पण बाजूला, टेबलावर उभं.

मी म्हटलं, "बरं, ते असेल. पण डबी? डबी तर त्यानेच मारली."

तिने डबीवरचं प्लास्टिक काढलं, डिस्क कानाशी धरली, एकदाच जोडून बघितली. टक, टक. लगेच काढली. प्लास्टिकच्या सांध्यात करडी भुकटी होती, ती तिने चिमटीत घेतली आणि हुंगली.

"चंदन," म्हणाली. "हिच्यात एक तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावर केसभर अंतरावर एक सुई. चालू असताना हिला कुणी उचललं, फिरवलं, हिंदकळवलं, तर सुई तबकडीवर घासते. एकदा घासली तर चालून जातं. ही रोज घासली आहे. चालू असताना हिला रोज कोण उचलायचं?"

"कोण उचलणार? कुणी नाही," मी म्हटलं.

तिने वही माझ्यापुढे सरकवली. "यात दुसऱ्यांनी काय केलं ते सगळं आहे. तुम्ही काय केलंत ते कुठे आहे?"

मी वही पहिल्या पानापासून उलटून बघितली, त्यात मी कुठेच नव्हते.

आमच्यात नवी वस्तू देवाच्या धुपावरून फिरवतात. नवी बाहुली, नवा ढोल, पोराच्या गळ्यातला ताईत, स्कूटरची किल्ली. उदबत्त्यांच्या धुपाटण्यावर तीनदा गोल फिरवायची, म्हणजे देवाचं लक्ष राहतं. आमचा देव म्हणजे देवांतला सेनापती, नाटकवाल्यांना सांभाळणारा. आणि ती डबी देवाच्या टेबलावरच होती, धुपाटण्यापासून हातभर. मी रोज संध्याकाळी रेकॉर्डिंग संपलं की तिला दोन्ही हातांनी उचलायची, राखेवर धरायची आणि तीनदा फिरवायची. म्हणायची, देवा, याच्यात माझा माणूस आहे, सांभाळ. वायर उपसायची नाही असं आ-लिआंगने बजावलं होतं, म्हणून मी ती न उपसता, दिवा लागलेला असतानाच फिरवायची. सतरा तारखेपर्यंत रोज. कधी कधी अडकल्यावर दुपारीही.

"तैपेईला पाठवता येईल," त्साईबाई म्हणाली. "दोन-तीन महिने लागतील. मिळेलच असं मी सांगणार नाही."

तेवीस पाच दिवसांवर होती.

घरी आले आणि मास्तरांना सगळं सांगितलं. लपवायची सोयच नव्हती, चेहरा दिसतच होता. म्हटलं, "मीच मारली. देवाच्या नावाने, स्वतःच्या हातांनी मारली. आणि आळ घेतला दुसऱ्यावर." त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "आवाज तर जायचाच होता, गुआत-हा. पाच दिवस आधी गेला." त्या दिवशी कचऱ्याची गाडी येऊन गेली तरी मी पिशवी घेऊन बाहेर गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आ-लिआंग आला. मी येऊ नको म्हटलं होतं, तरी आला. दारातच वाकून उभा राहिला, मग आत आला आणि त्याने देवाच्या टेबलावर एक नवी डबी ठेवली.

"माई, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मी चोरले," म्हणाला. "दर वेळी तुम्ही चहाला गेलात की भरून घ्यायचो. आठही खेळ आहेत. नवव्याचा पहिला भागही. तुम्ही पुसलेल्या मूळ फाइली यंत्राच्या कचरापेटीत पडून असायच्या, त्याच उचलल्या; म्हणजे कापायच्या आधीचे, आहेत तसे."

म्हणजे माझा संशय खरा निघाला होता. आयुष्यात इतका खरा कधी निघाला नव्हता, आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम कसं करायचं ते मला कळेना. मी म्हटलं, "चोरून करणार काय होतास?"

"मागच्या रविवारी पेईकांगला पहिला खेळ लावला. देवळापुढे."

माझं अंग तापलं. चाळीस वर्षं ज्यांनी चावलेला घास दाखवला नाही, त्यांचाच घास याने न विचारता वाढला. मी मास्तरांकडे बघितलं, म्हटलं आता बोलतील. मास्तर पुढे वाकले आणि त्या घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "हसले का? कुठे हसले?"

"शिपाई तीनदा सलाम करतो तिथे."

"आणि बेडकाच्या विनोदाला?"

"बेडकाच्या विनोदाला नाही हसले."

"मला वाटलंच होतं," मास्तर म्हणाले आणि उठून नववा खेळ पुरा करायला बसले. हिरवं पाकीट एकच ठेवलं, टेबलावर उभं. त्या चार दिवसांत कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. राजकन्या बावीस तारखेला मेली, कचऱ्याच्या गाडीच्या पाच मिनिटं आधी.

तेवीसला ऑपरेशन झालं. महिनाभराने मास्तर घरी आले, गळ्यात भोक आणि त्यावर पांढरं फडकं. आता ते पायाच्या पट्टीने बोलतात. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि लागोपाठ बरेच म्हणजे मी फार बोलतेय.

मी एका दुपारी आ-लिआंगच्या डबीतले खेळ परत कापायला बसले. एक फाइल लावली. तोतरा शिपाई बोलतोय, बोलतोय, आणि माझा आवाज आला, "थांबा, थांबा. हँग झालाय." फाइल तिथेच तुटली. परत चालू केल्यावरची पुढची फाइल, तिच्यात खोकला, आणि मग एक आवाज आला, "राहू दे गं. पाणी पी आधी. घाईने काय होतंय?"

हा शिपाई नव्हता, सेनापती नव्हता, राजकन्या नव्हती. मला क्षणभर ओळखूच येईना. चाळीस वर्षं मी जो आवाज घरात ऐकला तो हा, आणि आठही स्वच्छ खेळांत तो एकदाही नव्हता. मीच रोज संध्याकाळी कापून, पुसून टाकत होते. मी कात्रीचं बटण सोडून दिलं आणि नुसती ऐकत बसले. अडकलं की ते बोलायचे. जेवलीस का. खिडकी लाव. शेजारची आज परत भांडतेय वाटतं.

मग आली एक चाचणीची फाइल. आ-लिआंगने लावून ठेवलेली. आधी माझी पावलं लांब गेली, मग भांडं वाजलं. मग मास्तर हळूच म्हणाले, "गेली का?"

"चहा ठेवतायत."

"सगळं अख्खं घे. ती कापून गुळगुळीत करते ते नको. खोकल्यासकट घे. एकाच डबीवर माझा भरवसा नाही."

"माईंना सरळ सांगू या ना, मास्तर. मला हे चोरासारखं होतंय."

"सांगून ती तुझ्या हातात देईल? सहा वर्षं राग सांभाळलाय तिने. आणि ऐक. तेवीसनंतर मी गप्प होणार. या बाईला उत्तर दिल्याशिवाय चालत नाही. गप्प माणसाबरोबर वेडी होईल ती. तेव्हा तू येत जा. तुझ्यावर संशय घ्यायला मिळाला की तिचा दिवस बरा जातो."

"आणि शिव्या?"

"खा. मी चाळीस वर्षं खाल्ल्या, मला काय झालं? आणि पहिला खेळ कुठेतरी लावून बघ. लोक कुठे हसतात ते मला येऊन सांग."

मग पावलं जवळ आली, आणि माझाच आवाज, "दिवा का लुकलुकतोय रे?"

मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. मागच्या खोलीतून दोन ठोके पडले, मग थांबून आणखी दोन. मी आत जाऊन सांगितलं, काही नाही, कांदा चिरतेय. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. हातात कांदा नव्हता, सुरीही नव्हती. त्यांनी ठोका दिला नाही.

त्या फाइलींतलं मी काही कापलं नाही. तीन वेगळ्या डब्यांवर भरून ठेवलं. एकेक डबी बंद केली, दिवा विझल्याची खात्री केली, वायर काढली, आणि मगच धुपावरून फिरवली. तीनदा.

गुरुवारी आ-लिआंग आला. पेरूंची पेटी घेऊन, पोट पुढे करून. मास्तर आत पट्टीवर टाच ठेवून कान देऊन बसले होते, मला ठाऊक होतं. त्या दोघांनी मिळून माझ्यासाठी जे ठरवलं होतं ते मी मोडणार नव्हते.

मी दार अर्धंच उघडलं आणि म्हटलं, "आज काय चोरायला आलास?"

त्याने मान खाली घातली. "चहा मिळेल का, माई?"

मी पेटी घेतली, तळाचे पेरू उलटून बघितले आणि आधण ठेवायला आत गेले.